शितावरून भाताची परीक्षा : संख्याशास्त्राच्या इतिहासातील काही पाने

जून महिन्यात शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात कार्यालयासमोर दोन रांगा लागतात. एक प्रवेश घेणाऱ्यांची आणि दुसरी, थोडी लहान, शाळा सोडल्याचा दाखला मागणाऱ्यांची. काही वर्षांपूर्वी या दुसऱ्या रांगेत ओळखीचे एक गृहस्थ उभे होते. त्यांचा मुलगा नुकताच नववी पास झाला होता. फार हुशार नसला तरी मेहनती मुलगा. मी म्हणालो, "चाचा, दाखला कशाला काढता? दहावी एका वर्षावर आली." ते म्हणाले, "सर, शिकून काय मिळतं ते सांगा. आमच्या शेजारचा मुलगा बी.ए. झाला. तीन वर्षं झाली, रोज नाक्यावर बसलेला दिसतो. त्यापेक्षा हा गॅरेजमध्ये राहिला तर हाताला काम तरी लागेल."

मला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. मी स्वतः बी.ए. असल्यामुळे बी.ए.ची बाजू घेणे थोडे अवघडही वाटले. चाचा दाखला घेऊन गेले. परंतु त्यांचा प्रश्न मनातून गेला नाही. शेजारच्या एका मुलाच्या उदाहरणावरून त्यांनी आपल्या मुलाचे भवितव्य ठरविले होते. आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. भाताच्या बाबतीत ती खरी आहे. एका भांड्यात, एका आचेवर शिजलेल्या भाताचे एक शीत दाबून पाहिले की सगळा भात कळतो. माणसांच्या बाबतीतही एक शीत पुरते काय?

या प्रश्नाला वाहिलेले एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्याला संख्याशास्त्र म्हणतात, आणि संभाव्यता ही त्याची जुळी बहीण. शाळेत हे विषय आले की मुले सूत्रे पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मी गणिताचा शिक्षक नाही. इतिहास शिकवितो. म्हणून या शास्त्राची ओळख इतिहासाच्या वाटेने करून देण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

बगदादचा अक्षरमोजणी करणारा विद्वान

नवव्या शतकात अब्बासी खलिफांच्या काळात बगदाद हे विद्येचे मोठे केंद्र होते. तेथे अबू यूसुफ याकूब अल-किंदी हा विद्वान होऊन गेला. तत्त्वज्ञान, वैद्यक, संगीत, गणित अशा अनेक विषयांवर त्याने लिहिले. त्याचा एक छोटा ग्रंथ गुप्तलिपी उलगडण्याविषयी आहे. इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयात त्याचे हस्तलिखित सापडले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ते छापून प्रसिद्ध झाले.

त्याची युक्ती साधी होती. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात आणि काही क्वचित. अरबीत अलिफ आणि लाम फार वेळा येतात. गुप्त पत्र ज्या भाषेतले असेल त्या भाषेतला साधा मजकूर घ्यावा, त्यातली अक्षरे मोजावीत आणि जास्त येणाऱ्या अक्षरापासून कमी येणाऱ्यापर्यंत क्रम लावावा. मग गुप्त पत्रातील चिन्हेही तशीच मोजावीत. जे चिन्ह सर्वांत जास्त वेळा आले, ते बहुधा सर्वांत जास्त येणारे अक्षर. अशा रीतीने एकेक अक्षर उलगडत जाते. आज पाठ्यपुस्तकात आपण जिला 'वारंवारता' म्हणतो, तिचा विचारपूर्वक केलेला हा फार जुना उपयोग होय.

अल-किंदीने आणखी एक गोष्ट बजावून ठेवली आहे. पत्र फार लहान असेल तर ही रीत लागू पडत नाही, कारण थोड्या अक्षरांत भाषेचा खरा क्रम उमटत नाही. म्हणजे मोजायचे तर पुरेसे मोजावे, हा या शास्त्राचा पहिला धडा अकराशे वर्षांपूर्वी लिहून झाला होता.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करून पाहावा. वर्तमानपत्रातील एक परिच्छेद घेऊन कोणते व्यंजन किती वेळा येते ते मोजावे. मग दुसरा परिच्छेद घ्यावा. एकाच ओळीत काही ताळमेळ लागणार नाही. पानभर मजकूर घेतला की दोन्ही क्रम बरेचसे सारखे येऊ लागतील.

मोडलेला डाव आणि दोन फ्रेंच गणिती

संभाव्यतेचा जन्म जुगाराच्या टेबलावर झाला असे म्हणतात. जुगार आपल्या धर्मात हराम आहे, तेव्हा असे शास्त्र मुलांना का शिकवावे, असे एकदा एका पालकांनी मला विचारले होते. त्याचे उत्तर याच इतिहासात आहे.

सन १६५४ मध्ये ब्लेझ पास्काल आणि पिएर द फेर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांमध्ये पत्रव्यवहार झाला. प्रश्न असा होता. दोन खेळाडूंनी सारखी रक्कम लावली आहे. जो आधी तीन डाव जिंकेल त्याने सर्व रक्कम घ्यायची. पहिल्याचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ मध्येच थांबला. आता रक्कम कशी वाटायची? हा वाद जुना होता. लुका पाचोली या इटालियन लेखकाने १४९४ च्या ग्रंथात जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात वाटणी सांगितली होती.

पास्कालने मागे न पाहता पुढे पाहिले. एकूण रक्कम ६४ नाणी धरू. पुढचा डाव झाला असता तर काय झाले असते? पहिला जिंकला तर त्याला ६४ मिळतील. हरला तर दोघे बरोबरीत येतील आणि प्रत्येकाला ३२ मिळतील. म्हणजे पहिल्याचे ३२ कोणत्याही परिस्थितीत पक्के आहेत. उरलेल्या ३२ ची शक्यता दोघांना सारखी, म्हणून ती अर्धी अर्धी. पहिल्याला ३२ अधिक १६ म्हणजे ४८, दुसऱ्याला १६. फेर्माने वेगळ्या रीतीने हेच उत्तर काढले. जे अजून घडलेले नाही त्याचाही न्याय्य हिशेब मांडता येतो, हे या पत्रांनी दाखवून दिले.

आता जुगाराविषयी. समजा, शून्य ते नऊ या दहा आकड्यांपैकी एक आकडा निघतो आणि एक रुपया लावणाऱ्याला आकडा लागल्यास नऊ रुपये मिळतात. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावून पाहा. दहा रुपये जातील, नऊ परत येतील. थोडे दिवस कोणाचे नशीब फळफळेल, परंतु जितके जास्त खेळाल तितका हा दहास एक रुपयाचा तोटा निश्चित होत जाईल. "हा आकडा बरेच दिवस आला नाही, आता येणारच" असे म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की आकड्याला स्मरणशक्ती नसते. जुगार का बुडवितो हे धर्माने सांगितलेच आहे. कसा बुडवितो हे संभाव्यता पाटीवर मांडून दाखविते. मुलांना ही आकडेमोड आली तर ती त्या वाटेला जाणार नाहीत, असे मला वाटते.

मृत्यूच्या नोंदी वाचणारा दुकानदार

याच सुमारास लंडनमध्ये जॉन ग्राँट नावाचा एक कापडसामानाचा व्यापारी राहत होता. तो विद्यापीठात शिकलेला नव्हता. लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची छापील पत्रके निघत. कोणत्या भागात किती मेले, कोणत्या आजाराने मेले, किती बालकांचा बाप्तिस्मा झाला, एवढे त्यात असे. लोक ती वाचत, प्लेग वाढतो आहे की काय ते पाहत आणि टाकून देत. ग्राँटने अनेक वर्षांची पत्रके जमविली, ओळीने मांडली आणि बेरजा केल्या. सन १६६२ मध्ये त्याने आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने छापले.

त्याला काय दिसले? लंडनमध्ये साधारण १४ मुलांमागे १३ मुली जन्मतात आणि हे प्रमाण वर्षानुवर्षे टिकून राहते. शहरात काही दशलक्ष लोक राहतात अशी समजूत होती. त्याच्या हिशेबाने आकडा आला सुमारे ३,८४,०००. जन्मलेल्या १०० बालकांपैकी ३६ सहा वर्षांची होण्यापूर्वीच मरतात, असाही अंदाज त्याने मांडला. त्या काळी पत्रकात मृताचे वय लिहीत नसत. लहान मुलांनाच होणाऱ्या आजारांवरून त्याने हा अंदाज बांधला. आपली नोंद कोठे अपुरी आहे हे तो वाचकाला सांगत असे. त्याच्या या कामाबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले.

पुढे १६९३ मध्ये धूमकेतूमुळे प्रसिद्ध असलेल्या एडमंड हॅलीने ब्रेस्लाउ शहरातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून अधिक चांगला तक्ता तयार केला. आज विमा कंपन्या हप्ता ठरविताना जे तक्ते वापरतात, त्यांची वंशावळ येथवर पोचते.

आपल्यापैकी अनेकजण दुकानदार आहेत. रोजची खतावणी लिहिणाऱ्या माणसाला या शास्त्राची भीती वाटण्याचे कारण नाही. या शास्त्राचा एक संस्थापक दुकानदारच होता.

मोठ्या संख्येचा नियम

स्वित्झर्लंडमधील याकोब बर्नुली याने एका प्रश्नावर वीस वर्षे विचार केला. किती वेळा पाहिले म्हणजे पाहिलेल्यावर विश्वास ठेवावा? त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ मध्ये, प्रसिद्ध झाला. त्यातील सिद्धांताला पुढे 'मोठ्या संख्येचा नियम' असे नाव पडले.

नाणे दहा वेळा उडविले आणि सात वेळा छापा आला, तर त्यात नवल नाही. हजार वेळा उडवून सातशे वेळा छापा आला, तर नाण्यातच काही खोट आहे असे समजावे. प्रमाण दोन्हीकडे तेच, परंतु भरवसा वेगळा. निरीक्षणे वाढत गेली की आढळलेले प्रमाण खऱ्या प्रमाणाच्या जवळ जाते. अल-किंदीने पत्राच्या लांबीविषयी जे सांगितले होते, ते बर्नुलीने सिद्ध करून दाखविले.

रुग्णालयातील आकडे

आकड्यांनी माणसांचे प्राण कसे वाचतात हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कार्यात दिसते. क्रिमियाच्या युद्धात १८५४ च्या नोव्हेंबरमध्ये त्या तुर्कस्तानातील स्कुतारी येथील लष्करी रुग्णालयात पोचल्या. हाती दिवा घेतलेली परिचारिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्या आकडेमोडीतही निष्णात होत्या. सैनिक शत्रूच्या गोळीने मरतात असा सर्वांचा समज होता. नोंदी मांडल्यावर दिसले की जखमांनी मेलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक सैनिक अस्वच्छतेमुळे पसरलेल्या, टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते. मंत्र्यांना कोष्टके वाचण्याचा कंटाळा येतो हे ओळखून त्यांनी १८५८ मध्ये रंगीत वर्तुळाकार आकृत्या काढल्या. पाहताक्षणी कळावे असे ते चित्र होते. लष्करी रुग्णालयांच्या सुधारणेला त्यामुळे बळ मिळाले. लंडनच्या संख्याशास्त्रीय सोसायटीच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. आपल्या मुलींनी हे नाव या कारणासाठीही लक्षात ठेवावे.

आपल्या देशातील परंपरा

हे शास्त्र केवळ बाहेरून आले असे समजू नये. अकबराच्या कारकिर्दीत राजा तोडरमल यांच्या देखरेखीखाली १५८० मध्ये 'दहसाला' पद्धत सुरू झाली. मागील दहा वर्षांचे पीक आणि भाव पाहून, त्यांच्या सरासरीवर शेतसारा ठरवावयाचा, अशी ती योजना होती. एका सुगीच्या किंवा एका दुष्काळाच्या वर्षावरून सारा ठरू नये, हा त्यातील शहाणपणा. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त धान्याचे भाव, मजुरीचे दर आणि सुभ्यांचे उत्पन्न कोष्टकांसह नोंदलेले आहे.

आधुनिक काळात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली. बंगालमध्ये तागाचे पीक किती येईल हे आधी कळणे आवश्यक होते. प्रत्येक शेत मोजणे अशक्य. म्हणून १९३७ पासून त्यांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, कोणाच्याही आवडीनिवडीवाचून, थोडे तुकडे निवडून ते मोजण्याची रीत वापरली. ही खरी शितावरून भाताची परीक्षा! फरक एवढाच की शिते अनेक घेतली आणि भांड्याच्या सर्व भागांतून घेतली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली ती याच पायावर.

महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीककापणीच्या प्रयोगांत एक महत्त्वाची चूक दाखविली. मोजणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची रोपे आत धरली जातात आणि पीक आहे त्याहून जास्त दिसते. पुढे त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत अनेक वर्षे काम केले. कोल्हापूरला जन्मलेल्या प्रा. वसंत शंकर हुजूरबाजार यांनी पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्र विभागाची उभारणी केली.

सरासरीपासून सावधान

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. आकडे खरे असले तरी वाचणारा फसू शकतो. समजा, पाच विद्यार्थ्यांना ३५, ३८, ४०, ४२ आणि ९५ गुण मिळाले. सरासरी ५० येते. परंतु पाचांपैकी चौघे त्या सरासरीच्या खालीच आहेत. चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या, म्हणजे मध्यक, ४० आहे. या वर्गाचे खरे चित्र मध्यकाने अधिक कळते.

हीच सावधगिरी समाजाच्या आकड्यांबाबत हवी. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६४.८ टक्के आणि मुस्लिम समाजाची ५९.१ टक्के होती. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ मध्ये दिलेल्या अहवालामुळे अशा आकड्यांची देशभर चर्चा झाली. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात मात्र राज्याची साक्षरता ७६.९ टक्के आणि मुस्लिमांची ७८.१ टक्के होती. मग येथे सारे ठीक आहे असे म्हणावे काय? थोडे थांबावे. महाराष्ट्रातील मुस्लिमांपैकी सुमारे ७० टक्के लोक शहरांत राहत होते, तर एकूण राज्यात हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. शहरांत साक्षरता मुळातच जास्त असते. म्हणून शहरातल्यांची तुलना शहरातल्यांशी आणि खेड्यातल्यांची खेड्यातल्यांशी केली पाहिजे. शिवाय लिहितावाचता येणे आणि दहावी पार करणे यांत मोठे अंतर आहे. एकच आकडा पाहून निराश होऊ नये आणि खूषही होऊ नये.

नाक्यावर कोण दिसतो?

आता चाचांकडे परत येऊ. शेजारच्या मुलाचे उदाहरण खोटे नव्हते. परंतु ते एकच होते. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नाक्यावर कोण दिसतो? ज्याला काम नाही तो. ज्याला नोकरी लागली तो सकाळच्या गाडीने कामावर गेलेला असतो, पुण्या-मुंबईत राहतो किंवा आखाती देशात असतो. तो आपल्या डोळ्यांसमोर नसतो. म्हणजे नाक्यावर उभे राहून शिक्षणाचा हिशेब केला तर उत्तर आधीच ठरलेले असते. भांड्याच्या तळाशी करपलेलेच शीत आपण पुनःपुन्हा उचलतो आणि सगळा भात करपला म्हणतो. तशीच उलट चूकही होते. बक्षीस समारंभात आम्ही शिक्षक डॉक्टर-इंजिनियर झालेल्या एकदोघांना व्यासपीठावर बसवितो आणि शिक्षणाने सर्वांचे असेच होते असे भासवितो. तेही वरचे निवडलेले शीत होय.

त्या प्रसंगानंतर मी शाळेचे जनरल रजिस्टर काढून एका वहीत यादी करावयास घेतली आहे. दहा वर्षांपूर्वी आठवीत असलेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव, कोणालाही न वगळता. कोणी शाळा कधी सोडली, का सोडली, पुढे काय शिकले, आज काय करतात. काही रकाने भरले आहेत, बरेच रिकामे आहेत. बाहेरगावी गेलेल्यांचा आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींचा पत्ता लागणे सर्वांत कठीण जाते. नेमके त्यांच्याविषयीच आपल्याला काही ठाऊक नसते. त्यांना सोडून यादी पूर्ण झाली असे म्हटले, तर मी पुन्हा नाक्यावरच उभा राहीन.

पालक बंधुभगिनींना विनंती आहे की त्यांनी आपल्या घरातील माजी विद्यार्थ्यांची माहिती शाळेत कळवावी. मुलगा यशस्वी झाला असेल तर कळवावी, आणि नसेल तर अधिक अगत्याने कळवावी. विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच की पुढच्या वेळी कोणी "नेहमी असंच होतं" असे म्हटले, तर नम्रपणे विचारावे, "किती जणांचं पाहिलंत?"

मोजून आलेले उत्तर कदाचित चाचांच्या बाजूनेही निघेल. गॅरेजमध्ये गेलेली मुले पदवीधरांपेक्षा बरी आहेत असे दिसले, तर आम्हा शिक्षकांना आमच्या शिकवण्याचा आणि मुलांना दाखविलेल्या वाटांचा फेरविचार करावा लागेल. तो आम्ही करू. मात्र एका मुलावरून दुसऱ्या मुलाचा दाखला काढला जाऊ नये, एवढी खबरदारी आपण सर्वांनी मिळून घेतली पाहिजे.